एक्केचाळीस शिक्के

१९ सप्टेंबर १९६८

चि. सौ. रुईयुन हिला वेनशानचे आशीर्वाद.

तुझं पत्र काल शाळेच्या फाटकावरचा पहारेकरी म्हातारा गे याने आणून दिलं. पाकीट आधीच उघडलेलं होतं. हल्ली सगळ्यांचीच उघडलेली असतात, त्यामुळे तू मनावर घेऊ नकोस. फक्त पुढच्या वेळी लिहिताना लक्षात ठेव.

वेनहाईला कारखान्याने ऑगस्टपासून चौकशीसाठी गोदामात ठेवलं आहे, हे वाचून फार वाईट वाटलं. तू विचारतेस की चव्वेचाळीस साली तो आमच्या शाळेत शिकत असताना जुन्या सरकारच्या युवक दलात गेला होता का, आणि त्या दलाच्या यादीत त्याच्या नावाचा शिक्का कसा आला. मी शाळेच्या दप्तरात पाहिलं. त्या वर्षाचे कागद दोन वर्षांपूर्वीच जाळले गेले. यादी कोणी केली, मला माहीत नाही. त्या काळी मी साधा लेखनिक होतो.

वेनहाईने संघटनेवर विश्वास ठेवावा आणि खरं ते सांगावं.

आई गेली तेव्हा मी तिच्या उशाशी उदबत्ती लावली आणि त्याने अंधश्रद्धा म्हणून माझ्या कचेरीला तक्रारीचं पत्र लिहिलं, त्याला आता आठ वर्षं झाली. मी ते मनात ठेवलेलं नाही. मुलींना जप. लानचौला थंडी लवकर पडते म्हणतात.

लुओ वेनशान


२३ सप्टेंबर

रुईयुन,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. दुपारी जेवणानंतर सगळी शाळा तासभर झोपते, तेव्हा लिहितो आहे. कोणाची पावलं वाजली तर वर शाळेचा इतिहास ठेवायचा आणि खाली हे. कधी पोचवता आलं तर पोचवीन.

चार दिवसांपूर्वी तुला लिहिलं ते खोटं होतं. ती यादी मी केली. तिच्यातलं एकेक अक्षर माझं आहे.

वेनहाईच्या कारखान्याचे दोघे इथे गेल्या सोमवारीच येऊन गेले होते, तुझ्या पत्राच्या आधी. शिन नावाचे पन्नाशीचे गृहस्थ, सारखे खोकणारे. आणि पान नावाची बाई, जी बोलता बोलता लोकरीचा मोजा विणत होती. यादी त्यांना प्रांताच्या दप्तरखान्यात सापडली. तिचा फोटो त्यांनी माझ्यासमोर ठेवला. एक्केचाळीस नावं, प्रत्येक नावाखाली सहीच्या जागी त्या मुलाच्या नावाचा शिक्का. सोळावं नाव लुओ वेनहाई.

शिननी विचारलं, "कॉम्रेड लुओ, तुम्ही इथे किती वर्षं आहात?"

"सव्वीस."

"मग हे अक्षर कुणाचं, सांगू शकाल?"

आमच्याकडे सध्या कामगार पथकाचा कारभार आहे. त्यांचे प्रमुख तेंग मिस्तरी. लेथवर काम करणारा माणूस, उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. ते बाजूला चहा पीत बसले होते. म्हणाले, "सांगेल की! आमच्या लुओबुवाला या शाळेतल्या उंदरांच्यासुद्धा जन्मतारखा पाठ आहेत."

पानबाई हसल्या. मीही हसलो. मग म्हणालो, "नाही ओळखत."

"भाऊ तुमचा ना हा?" शिननी विचारलं.

"आठ वर्षं आमचा संबंध नाही."

हे वाक्य माझ्या तोंडून अगदी सहज आलं.

त्यांनी एक्केचाळीस जणांपैकी कोण कुठे आहे ते विचारलं. काही तैवानला, काही परदेशी, तिघे विद्यापीठात प्राध्यापक, तेही सध्या कोंडलेले. तेहेतिसाव्या नावावर पानबाईंची सुई थांबली. "आणि हा होउ जिंगमिंग?" मी म्हणालो, माहीत नाही.

आता माझी भीती कशाची आहे ते सांगतो. तेंग मिस्तरींनी मला या शाळेचा काळा इतिहास लिहायला बसवलं आहे. शाळा कुणी काढली, विद्यापीठाच्या पंखाखाली राहून तिने किती मंत्री, किती सावकारांची मुलं घडवली, सगळं. मोठमोठ्या कागदांवर कुंचल्याने लिहायचं आणि जेवणघराच्या भिंतीवर चिकटवायचं. सत्तावीस कागद लागले आहेत. सत्तावीस कागदांवर तेच अक्षर आहे जे त्या फोटोत आहे. शिन जाताना त्याच भिंतीखाली उभे राहून भात जेवले. मी स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्या मानेकडे बघत होतो. मान वर झाली असती तर संपलंच होतं. ते मिरच्यांना वैतागून खालीच बघत राहिले.

त्या दिवसापासून मी अक्षर बदललं आहे.


४ ऑक्टोबर

राष्ट्रदिन झाला. ध्वनिक्षेपक तीन दिवस थांबला नव्हता. त्याच्यावर आधी नुसती खरखर ऐकू येते, मग भर सभेत गुन्हेगार म्हणून उभं करायचं त्याचं नाव पुकारतात. त्या खरखरीला मी कुंचला खाली ठेवतो. नाव दुसऱ्याचं निघालं की बरं वाटतं, आणि बरं वाटल्याची लाज वाटते. गेल्या महिन्यात हिशेबनीस मंग पाण्याच्या टाकीवरून पडले. पडले असंच म्हणायचं.

मी मनात करुणामयी गुआनयिनचं नाव घेतो. मूर्ती मीच सहासष्ट साली नदीत सोडली. नाव बोटांच्या पेरांवर मोजतो. काल तेंग मिस्तरींनी पकडलंच. "लुओबुवा, ओठ काय हलतात हो तुमचे सारखे? देवबिव आहे की काय पोटात?"

"ओळी मोजतो, मिस्तरी. कागदावर किती बसतील ते."

"हं. आणि अक्षराला काय झालं? पहिले कागद कसे छापल्यासारखे. हे नवे बघा, कोंबडी चालून गेल्यासारखे."

"मनगटाला मुंग्या येतात."

"गरम पाण्यात मीठ घाला आणि हात बुडवा," ते म्हणाले आणि खरंच संध्याकाळी स्वतः तांब्याभर गरम पाणी घेऊन आले. मी हात बुडवून बसलो. ते समोर बसून माझ्या हाताकडे बघत राहिले. किती वेळ ते मला सांगता येत नाही.

यादीचं सांगतो. तुझा नवरा त्या वेळी सतरा वर्षांचा. आमच्या गावात देवळाच्या पडवीत चार वर्षं पाठांतर केलं की शिक्षण संपायचं. मी तेवढाच शिकलो. वेनहाई मात्र या शाळेच्या परीक्षेत उतरला. अडीच हजार मुलं बसली होती, ऐंशी घेतली. मी इथे लेखनिक होतो म्हणून त्याला घेतलं असं काहीजण म्हणत. ते खोटं आहे. त्याची उत्तरपत्रिका मी पाहिली होती.

चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात वरून हुकूम आला की प्रत्येक वर्गाने युवक दलात नाव द्यायचं. वर्गशिक्षक बाओ धावत कचेरीत आले. म्हणाले, "वेनशान, पोरांना विचारत बसलो तर महिना जाईल. हजेरीपट घे, नावं उतरव, शिक्के मार. संध्याकाळच्या गाडीने पाठवायचंय." मुलांचे शिक्के कचेरीतच असत, एका लाकडी पेटीत. दर महिन्याला तांदळाचा शिधा मिळायचा, त्याच्या पावतीवर शिक्का लागे, आणि मुलं ते हरवत. म्हणून पेटी माझ्या ताब्यात. मी नावं उतरवली, लाल शाईची डबी उघडली आणि एकामागून एक शिक्के मारले. अर्ध्या तासाचं काम. एकाही मुलाला ठाऊक नव्हतं. वेनहाईलाही नाही. पक्षात जाताना त्याने काही लपवलं नाही, कारण लपवायला त्याच्याजवळ काही नव्हतंच.

हे सिद्ध करता येतं. तो होउ जिंगमिंग जूनमध्येच तापाने गेला होता. युद्धात घरदार सुटून आलेला उत्तरेकडचा मुलगा. आम्ही त्याला शाळेमागच्या टेकडीवर पुरलं. मेलेल्या मुलाने सप्टेंबरात दलात नाव कसं दिलं? म्हणजे यादी नुसती उतरवलेली आहे. घाईत त्याचंही नाव उतरलं गेलं, माझी चूक झाली. पण त्या चुकीनेच बाकीची चाळीस माणसं सुटू शकतात.

बाओ मास्तर एकोणपन्नासला तैवानला गेले. हे सांगणारा मी एकटा उरलो आहे, आणि मी म्हणालो, अक्षर ओळखत नाही.


१४ ऑक्टोबर

रुईयुन, ते दोघे काल परत आले.

या वेळी पानबाईंचा दुसरा मोजा चालू होता. शिन थकलेले दिसले. त्यांना यादीवर शाळेच्या कोणाची तरी साक्ष हवी आहे, त्याशिवाय प्रकरण बंद होत नाही. ते तेंग मिस्तरींशी बोलत होते, मी चहा ओतत होतो.

शिन म्हणाले, "हा लुओ वेनहाई म्हणजे दगड आहे हो. शिक्का तुझा का? तर हो. मग मारला कुणी? माहीत नाही. शाळेत शिक्का कुणाजवळ असायचा? तर म्हणे हरवला होता."

"कुठे?" मिस्तरींनी विचारलं.

"नदीवर. पोहताना."

पानबाई मोज्यातून मान न काढता म्हणाल्या, "एकोणीस दिवस उभा ठेवलाय. पाय असे सुजलेत की बुटाची नाडी बांधता येत नाही. तरी नदीच सांगतोय."

"कॉम्रेड लुओ," शिन माझ्याकडे वळले, "तुमच्या भावाला पोहता येत होतं?"

मी म्हणालो, "येत होतं."

वेनहाईला पोहता येत नाही. तुला माहीत आहे. पाण्याला तो लहानपणापासून भितो.

त्याचा शिक्का हरवला नव्हता आणि पेटीतही नव्हता. वर्गात एकटा तोच युद्धात घर सुटलेल्यांपैकी नव्हता, त्याला शिधा लागू नव्हता. शाळेत दाखल झाला त्या दिवशी फाटकाशी त्याने शिक्का माझ्या हातात दिला. "दादा, तूच ठेव, मी हरवीन." तो माझ्या सदऱ्याच्या खिशात असायचा. बाओ मास्तर म्हणाले सगळा वर्ग, तेव्हा मी तो खिशातून काढला. एकालाच वगळलं तर त्याच्यावर डोळा राहील, असं मला वाटलं होतं.

फोटो दाखवला त्या क्षणी त्याने माझं अक्षर ओळखलं असणार. मीच त्याला अक्षरं गिरवायला शिकवलं. आईच्या उशाशी लावलेल्या उदबत्तीबद्दल ज्याने माझ्याविरुद्ध पत्र लिहिलं, तो एकोणीस दिवस उभा राहून माझं नाव गिळतो आहे. आणि मी इथे मिठाच्या पाण्यात हात बुडवून बसलो होतो.

आता मागच्या पत्रातली एक गोष्ट दुरुस्त करतो. होउचं नाव घाईत उतरलं गेलं असं मी लिहिलं. ते तसं नाही.

होउ अकरा जूनला गेला. त्याचा शिक्का पेटीतून काढून परत पाठवायला हवा होता. मी काढला नाही. शिध्याच्या रजिस्टरात त्याचं नाव तसंच ठेवलं, पावतीवर त्याचा शिक्का मारत राहिलो आणि त्याचा तांदूळ घेत राहिलो. डिसेंबरपर्यंत. वेनहाई त्या वर्षी सकाळच्या कवायतीत दोनदा कोसळला होता. घरून येणारी रताळी पुरत नव्हती. तो भात मी त्याला स्वयंपाकघरातला उरलेला म्हणून द्यायचो. तो विचारायचा, "दादा, तू जेवलास?" मी म्हणायचो, "तर काय!" आणि मीही त्यातलंच जेवलेलो असायचो.

सप्टेंबरात यादी करताना तेहेतिसाव्या नावापाशी माझा हात थांबला होता. नाव गाळलं असतं तर शिध्यात तो जिवंत आणि यादीत मेलेला असं झालं असतं. कोणीतरी विचारलं असतं. म्हणून जाणूनबुजून शिक्का मारला. ती चूक नव्हती. ती चोरी झाकणं होतं.

ते रजिस्टर आजही आमच्या दप्तरात आहे. जाळण्यातून वाचलेल्या थोड्या कागदांत नेमकं तेच. त्याच्यानुसार होउ जिंगमिंग डिसेंबरपर्यंत जिवंत होता आणि भात जेवत होता. म्हणजे तो सप्टेंबरात मेलेला होता हे पटवायचं, तर मला आधी तो भात कोणी खाल्ला ते सांगावं लागेल. नुसता लेखनिक होतो म्हणून भागणार नाही. जुन्या सरकारच्या दलासाठी खोटी यादी करणारा आणि युद्धातल्या पोरक्या पोराचं अन्न चोरणारा. या दिवसांत त्याचं काय करतात हे मी रोज खिडकीतून बघतो.

देवीचं नाव घ्यायला बसलो की पेरं मोजता मोजता तिसऱ्या बोटावर विसरतो.

ते दोघे परवापर्यंत आहेत.


१६ ऑक्टोबर

रुईयुन,

सकाळी तेंग मिस्तरी शेवयांचा वाडगा घेऊन पायरीवर बसले होते. मी जाऊन समोर उभा राहिलो. म्हटलं, "मिस्तरी, त्या यादीतलं अक्षर माझं आहे."

त्यांनी वर पाहिलं नाही. "ते मला तीन तारखेपासून माहीत आहे. मी शाळेत गेलो नसलो तरी हत्यार कुणाच्या हातचं ते कळतं. पहिले कागद आणि फोटो, दोन्हींत वळण एकच. पुढे बोला."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"वाट बघत होतो. पुढे बोला म्हटलं ना. आणि सावकाश, तुमच्या पुस्तकी भाषेत नको."

मी सगळं सांगितलं. वर्ग, पेटी, खिसा. शेवटी होउचा भात. तेही सांगितलं.

त्यांनी काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या.

"मेलेल्या पोराचा शिधा?"

"हो."

"आणि त्याच्याच नावाने वर शिक्का?"

"हो."

"माझा धाकटा भाऊ त्रेचाळीस साली भुकेने गेला," ते म्हणाले. "नदीपलीकडे. इथून दिसेल एवढ्यावर." मग त्यांनी वाडगा खाली ठेवला. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर मी काही म्हणालो नसतो. ते उठले, वाडगा पायरीवरच राहिला. "थडगं कुठे आहे ते दाखवा. तुमच्या तोंडावर विश्वास ठेवायला मी खुळा नाही."

आम्ही दोघे टेकडीवर गेलो. शिन खोकत मागून आले, पानबाईंनी विणकाम पिशवीत टाकलं होतं. दगड मुलांनी सहासष्ट साली फोडला होता, वरचा तुकडा गेला आहे. खालचा अर्धा गवतात उलटा पडला होता. मिस्तरींनी आणि मी तो सुलटा केला. ते खिशातल्या स्क्रूड्रायव्हरने माती खरवडत होते आणि एकेक अक्षर बोट ठेवून वाचत होते. आडनाव फुटलं होतं. जिंगमिंग शिल्लक होतं. खाली साल आणि अकरा जून. दगडावरची अक्षरंही मीच काढून दिली होती.

"जून," मिस्तरी म्हणाले. "आणि यादी सप्टेंबरची."

शिननी दगडाचा फोटो काढला. पानबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एवढं सांगायला तुम्हाला महिना लागला?" त्यात राग नव्हता.

कचेरीत मी साक्ष लिहिली. चार पानं. शिध्याचं रजिस्टर स्वतः काढून शेजारी ठेवलं. प्रत्येक पानावर अंगठा उठवला. शिननी कागद दोनदा वाचले आणि म्हणाले की वेनहाईचं पुढे काय होईल ते कारखान्याची समिती ठरवील, त्यांच्या हातात ते नाही. पण त्यांनी माझ्यादेखत लानचौला फोन लावला. ओरडून बोलावं लागत होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. "साक्ष मिळाली! होय! त्याला खुर्ची द्या! खुर्ची! बसू द्या त्याला!"

मग मिस्तरी म्हणाले, "लुओबुवा, तुमची सभा तीन वाजता. माझा इलाज नाही. तुम्ही सांगितलंत ते ऐकून मी गप्प बसलो तर उद्या माझी."

"समजलं."

"पाटी लागेल."

खोलीत सगळे माझ्याकडे बघू लागले, आणि मला कळलं का ते. दोन वर्षं या शाळेत ज्यांच्या गळ्यात पाटी पडली, त्यांची पाटी मी लिहिली आहे. मुख्याध्यापकांची, मंग हिशेबनिसांची, यादीतल्या त्या तिघा प्राध्यापकांची. सुंदर अक्षर म्हणून मलाच बोलवायचे. नकार देण्याचा विचारही माझ्या मनात आला नाही. तेव्हा वाटायचं, मी नुसती अक्षरं काढतो आहे. यादी करतानाही असंच वाटलं होतं.

मिस्तरी म्हणाले, "दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ?"

मी म्हटलं, "नको. मीच लिहितो."

ती आत्ताच लिहून झाली. मेलेल्याचा शिधा खाणारा, प्रतिगामी दलाचा लेखनिक, आणि खाली माझं नाव. नावावर लाल फुली मारायची असते, तीही मारली. पुठ्ठा भिंतीला टेकवून ठेवला आहे, शाई वाळते आहे. अक्षर बदललं नाही. पहिल्या कागदांवर होतं तसंच आलं आहे.

मला भीती वाटत नाही असं समजू नकोस. देवीचं नाव घेतो आहे, ते पुन्हा तिसऱ्या बोटावरच अडतं, पण अडलं तिथून पुन्हा सुरू करतो. होउच्या नावानेही एकदा घेतलं. त्याच्यासाठी आजवर कोणीच घेतलं नसेल.

गे म्हाताऱ्याचा जावई रेल्वेत आहे, पाओजीपर्यंत जातो, तिथून ओळखीचं माणूस पुढे देईल. सगळी पत्रं एकत्र बांधून आता म्हाताऱ्याकडे देतो. मघाशी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "एवढं काय लिहिलंस रे? प्रेमपत्रं आहेत का या वयात?" मी म्हटलं, भावाच्या बायकोला आहेत. त्यावर त्याने तोंडावर हात ठेवला.

भाताचं वेनहाईला सांग. तो रागावेल, रागावू दे. आणि त्याला म्हणावं, दादाने सगळं सांगितलं आहे, आता नदीचं सांगत बसू नकोस. खुर्ची दिली की बस. समोर खोका मिळाला तर पाय वर घेऊन बस.